शॉयब्ले: कायम दोन नंबरवर राहिलेला कारभारी

काळंजंगल:

ऑफेनबुर्गहून कोन्स्टान्झकडे जाणारी गाडी हाउसाख सोडलं की घाट चढायला लागते. मग एक चिमुकलं गाव लागतं, हॉर्नबर्ग. डोंगरावर जुन्या गढीचा बुरूज, खाली रेल्वेचा उंच पूल. जर्मन भाषेला या गावाने एक वाक्प्रचार दिलाय. १५६४ साली म्हणे ड्यूक येणार होता आणि गावकऱ्यांनी तोफांची सलामी द्यायचं ठरवलं. लांब धुरळा दिसला की तोफा उडवायच्या. पहिला धुरळा निघाला टपालगाडीचा, दुसरा फेरीवाल्याच्या गाडीचा, तिसरा गुरांच्या कळपाचा. ड्यूक खरोखर आला तेव्हा दारूच संपली होती, मग गावकरी तोंडानेच 'धडाम धुडूम' ओरडले. खूप गाजावाजा होऊन हाती काही लागलं नाही, की 'हॉर्नबर्गचा गोळीबार झाला' असं इथे आजही म्हणतात. आपला फुसका बारच तो.

याच गावात वोल्फगांग शॉयब्ले वाढला. जन्म फ्रायबुर्गचा, १८ सप्टेंबर १९४२. वडील करसल्लागार आणि प्रांताच्या विधानसभेचे सदस्य. मुलगा कायदा शिकला, १९७१ मध्ये डॉक्टरेट केली, आयकर खात्यात लागला. १९७२ मध्ये, तिशीत, ऑफेनबुर्ग मतदारसंघातून बुंडेस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, निवडून आला आणि २०२३ च्या २६ डिसेंबरला वारला तेव्हाही खासदारच होता. सलग एक्कावन्न वर्षं, चौदा निवडणुका, चौदाही वेळा थेट मतदारसंघातून. जर्मनीच्या इतिहासात इतका काळ कुणीच संसदेत बसलेलं नाही.

मी नऊ वर्षं या भागात राहतेय. त्याच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण मराठीत जर्मन राजकारण म्हटलं की हिटलर, मग एकदम मर्केलबाई, आणि मधली जागा कोरी. खरं तर दोन जर्मनी जोडायचं कागदावरचं काम याच माणसाने केलं.

चान्सलर हेल्मुट कोलचा हा उजवा हात. १९८४ पासून चान्सलरच्या कचेरीचा प्रमुख, १९८७ मध्ये पूर्व जर्मनीचा सर्वेसर्वा होनेकर पश्चिमेच्या राजधानीत, बॉनला आला त्या भेटीची तयारी यानेच केलेली. १९८९ मध्ये गृहमंत्री झाला आणि काही महिन्यांत बर्लिनची भिंत पडली. भिंत पडल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पण पुढचं काय? एका देशाचे सगळे कायदे उचलून दुसऱ्या देशावर ठेवायचे, तेही उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत. पूर्वेकडून ग्युंटर क्राउझं आणि पश्चिमेकडून शॉयब्ले वाटाघाटींना बसले आणि ३१ ऑगस्ट १९९० ला बर्लिनमध्ये करारावर सह्या झाल्या. पंचेचाळीस कलमं आणि मागे जोडलेल्या परिशिष्टांचा डोंगर.

मला त्या परिशिष्टांचंच जास्त कौतुक आहे. पूर्वेला दारूचा थेंब पोटात असताना गाडी चालवायची नाही असा नियम, पश्चिमेला रक्तात प्रति हजार ०.८ पर्यंत चालायचं. आता देश एक, रस्ता एक, मग कुठला नियम? ठरलं असं, की १९९२ संपेपर्यंत दोन्हीकडे आपापला. गर्भपाताचंही तसंच. पूर्वेत पहिले बारा आठवडे बाईच्या मर्जीवर होतं, पश्चिमेत कारणं दाखवावी लागायची, आणि यावर करार मोडेल अशी वेळ आली होती. तिथेही दोन्ही कायदे तूर्त चालू ठेवले आणि निकाल पुढच्या संसदेवर ढकलला. पूर्वेतल्या सिग्नलला उजवीकडे वळायचा छोटा हिरवा बाण असायचा (लाल असतानाही थांबून, बघून वळता येतं), तोसुद्धा लगेच काढला नाही. आज तो बाण पश्चिमेतही दिसतो. आमच्या नाक्यावर आहे एक. तिथे थांबले की मला दरवेळी तो करार आठवतो, नवरा म्हणतो तू पुढे बघ.

३ ऑक्टोबरला एकीकरण झालं. त्यानंतर नऊच दिवसांनी, १२ ऑक्टोबरच्या रात्री, ओपेनाऊ नावाच्या गावात त्याची प्रचारसभा होती. हे गाव त्याच्याच मतदारसंघातलं, रेंच नदीच्या खोऱ्यात. सभा संपवून निघताना मानसिक आजार असलेल्या एका माणसाने जवळून तीन गोळ्या झाडल्या. एक चेहऱ्यात, एक मणक्यात. तिसरी अंगरक्षकाने मध्ये पडून स्वतःवर घेतली. तो वाचला, शॉयब्लेही वाचला, पण छातीखालचं शरीर कायमचं गेलं. वय अठ्ठेचाळीस.

माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण ओपेनाऊची. तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिचे वडील सभेला गेले होते. तिला गोळीबार, पोलीस, काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आई स्वयंपाकघरातला दिवा न लावता खिडकीत उभी होती आणि तिने हिला झोपायला जा असं एकदाही म्हटलं नाही.

काही आठवड्यांत हा माणूस व्हीलचेअरवरून कामावर परत आला. गृहमंत्रिपद सोडलं नाही.

यानंतर २० जून १९९१. राजधानी बॉन ठेवायची की बर्लिनला न्यायची यावर बॉनच्या संसदेत जवळजवळ बारा तास चर्चा चालली, शंभराच्या वर भाषणं. पारडं बॉनकडे झुकलंय असंच बहुतेकांना वाटत होतं. शॉयब्ले उभा राहू शकत नव्हता, बसून बोलला. प्रश्न नोकऱ्यांचा नाही, स्थलांतराच्या खर्चाचाही नाही, जर्मनीच्या भविष्याचा आहे, असा त्याचा मुद्दा. भाषण संपल्यावर विरोधी पक्षाचा विली ब्रांट जागेवरून उठून आला आणि त्याने हात मिळवला. १९७२ मध्ये शॉयब्ले पहिल्यांदा निवडून आला ती निवडणूक ब्रांटने जिंकलेली होती, म्हणजे विरोधी बाकावरून ज्याच्याकडे बघत हा राजकारण शिकला तोच आता चालत आला होता. रात्री निकाल लागला: ३३८ विरुद्ध ३२०, बर्लिन.

इथपर्यंत सगळं चढतं. आता हॉर्नबर्ग सुरू होतं.

१९९७ मध्ये लाइपझिगच्या अधिवेशनानंतर कोलने जाहीरपणे सांगितलं की माझा वारस शॉयब्ले. सगळ्यांनी तोफा उडवल्या. पुढच्या वर्षी निवडणुकीला पुन्हा कोलच उभा राहिला आणि विरोधी पक्षाच्या श्रोडरकडून हरला. सोळा वर्षांची सत्ता गेल्यावर पक्षाचं, म्हणजे सीडीयूचं, अध्यक्षपद शॉयब्लेच्या गळ्यात पडलं. वर्षभरात देणग्यांचं प्रकरण फुटलं. पक्षाची काळी खाती निघाली, कोलने सुमारे वीस लाख मार्क घेतल्याचं मान्य केलं आणि देणगीदारांची नावं सांगायला नकार दिला. मी शब्द दिलाय, म्हणे. शॉयब्लेला डिसेंबर १९९९ मध्ये संसदेत शस्त्रदलाल श्रायबरबद्दल विचारलं, तर तो म्हणाला एका जेवणाला भेट झाली होती, बस. जानेवारीत टीव्हीवर कबूल केलं, की १९९४ मध्ये त्याच श्रायबरकडून पक्षासाठी एक लाख मार्क रोख घेतले होते.

फेब्रुवारी २००० मध्ये त्याने अध्यक्षपद सोडलं. त्या खुर्चीत आली त्याचीच सरचिटणीस, अँगेला मर्केल. कोलशी बोलणं कायमचं तुटलं.

२००४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी नाव चर्चेत होतं, मर्केलबाईंनी हॉर्स्ट क्योलरला आणलं. पुन्हा धुरळा, पुन्हा गुरं.

आणि तरी २००५ मध्ये तो तिच्याच हाताखाली गृहमंत्री झाला, २००९ पासून आठ वर्षं अर्थमंत्री, मग चार वर्षं बुंडेस्टागचा अध्यक्ष. एवढं होऊन माणूस घरी का बसत नाही, हा मला पडलेला प्रश्न आहे. लोक याला निष्ठा म्हणतात. मला वाटतं त्याला दुसरं काही येतच नव्हतं आणि जे येत होतं ते इतरांपेक्षा फार चांगलं येत होतं. अर्थमंत्रिपदाबद्दल मुद्दाम लिहीत नाही, त्यावर इथे भांडण होणारच आहे.

---

वाट्टेलते:

भारी लिहिलंय. बोहनी माझी. ग्रीसवाला माणूस एवढीच ओळख होती. व्हीलचेअर दिसायची पण ती का, हे कधी शोधलंच नाही.

---

हिशेबाचीवही:

लेख उत्तम, पण एका ठिकाणी धागाकर्त्या ताई वाहवत गेल्यात. त्या भाषणाने बर्लिन जिंकलं ही जर्मन टीव्हीची आवडती गोष्ट आहे. आकडे काढून बघा. त्याच्या स्वतःच्या गटात, म्हणजे सीडीयू आणि तिचा बव्हेरियातला जोडपक्ष सीएसयू मिळून, बर्लिनला १५४ आणि बॉनला १६४. समाजवादी लोकशाहीवाल्यांमध्ये, म्हणजे ब्रांटच्या पक्षात, ११० विरुद्ध १२६. दोन्ही मोठे पक्ष बॉनच्या बाजूचे! फरक पाडला उदारमतवादी एफडीपीने, ५३ विरुद्ध २६. आणि पूर्वेतल्या जुन्या कम्युनिस्टांच्या वारसांनी, १७ विरुद्ध १. त्यांची मतं वजा केली तर ३२१ विरुद्ध ३१९ उरतात. म्हणजे कट्टर उजव्या शॉयब्लेचं बर्लिन होनेकरच्या पोरांच्या भरवशावर आरामात पास झालं, नाहीतर दोन मतांवर लटकलं असतं.

---

काळंजंगल:

@हिशेबाचीवही, आकडे बरोबर, मान्य. पण भाषणाआधी त्याच्या गटात किती जण बॉनकडे होते हे या आकड्यांतून कळत नाही ना? १५४ मधले काही त्या दिवशी फिरले असतील की. दोन मतं म्हणता, दोन माणसं फिरवायला एक भाषण पुरतं.

---

हिशेबाचीवही:

हे सिद्ध करता येत नाही आणि खोडताही येत नाही. म्हणजे तुम्ही जिंकलात :)

---

भोचकभवानी:

ग्रीसबद्दल कोणी बोलणार की मी बोलू?

मी २०१३ ते २०१६ ब्रसेल्सला होते. शेजारच्या टेबलावर थेस्सालोनिकीचा मुलगा. तेव्हा ग्रीसमध्ये तरुणांची बेकारी पन्नास टक्क्यांच्या वर होती, त्याचे शाळेतले निम्मे मित्र देश सोडून गेलेले. त्याला शॉयब्ले हे नाव उच्चारलेलं चालायचं नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत ग्रीसच्या मदतीबद्दल शॉयब्ले म्हणाला होता, २८ तारखेला रात्री बारा वाजता 'इश ओव्हर', म्हणजे खेळ खलास. निम्मं त्याच्या गावाकडच्या बोलीतलं, निम्मं इंग्रजी. जर्मन पेपरांना काय गंमत वाटली! टी-शर्टावर शोभेल असलं वाक्य. आमच्या टेबलावरचा मुलगा हसला नाही.

जुलैमध्ये ग्रीकांनी सार्वमतात कर्ज देणाऱ्यांच्या अटींना ६१ टक्क्यांनी 'नाही' म्हटलं. आठवड्याने शॉयब्लेच्या खात्याचा कागद फिरला: एक तर पन्नास अब्ज युरोची सरकारी मालमत्ता वेगळ्या निधीत गहाण टाका, नाहीतर निदान पाच वर्षं युरोतून बाहेर पडा. हे चान्सलरचं नाही, अर्थमंत्र्याचं डोकं. रात्रभर बैठक चालली, सतरा तास, सकाळी ग्रीसचा पंतप्रधान सिप्रास पडेल चेहऱ्याने बाहेर आला. युरोतून हाकललं नाही, पण निधीची अट राहिलीच.

आयकर खात्यातला माणूस शेवटपर्यंत आयकर खात्यातलाच राहिला. माझं मत.

---

खाडीपलीकडे:

भोचकताई, ग्रीस सरकारने तुटीचे आकडे वर्षानुवर्षं खोटे दिले होते त्याचं काय? २०१० मध्ये मदतीचं पहिलं पॅकेज ११० अब्ज युरोचं, २०१२ मध्ये दुसरं, १३० अब्जांचं. दुसऱ्यात खासगी सावकारांनी मोठं कर्ज सोडूनही दिलं. जर्मन करदात्याला कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. तो जे बोलला ते कमीत कमी तोंडावर बोलला. फ्रान्सवाले गोड बोलायचे आणि त्यांच्या बँका आधी मोकळ्या करून घ्यायचे.

---

भोचकभवानी:

जर्मन बँकाही मोकळ्या झाल्या हो. पहिल्या पॅकेजमधला पैसा गेला कुठे ते बघा आधी. ग्रीक आजीच्या पेन्शनीत नाही गेला.

---

वाट्टेलते:

२०१२ मध्ये ग्रीसच्या पॅकेजवर संसदेत चर्चा चालू असताना हा बाबा टॅबवर सुडोकू खेळताना कॅमेऱ्यात सापडला होता. मी तो फोटो पाहिलाय. आमच्या मॅनेजरला दाखवायचा होता, राहून गेलं.

---

हिशेबाचीवही:

'काळा शून्य' कुणीच काढला नाही अजून? जर्मनीत ताळेबंद तुटीत नसला की शून्य काळ्या शाईत लिहायचं म्हणून हा शब्द. २०१४ चा केंद्रीय अर्थसंकल्प १९६९ नंतर पहिल्यांदाच एक सेंटचंही नवं कर्ज न घेता बसला. २०१७ मध्ये शॉयब्ले खातं सोडून निघाला तेव्हा मंत्रालयातले शेकडो कर्मचारी काळे कपडे घालून अंगणात गोल उभे राहिले आणि वरून फोटो काढला. माणसांचं काळं शून्य.

ही इमारतही गमतीदार आहे, अवांतर होतंय पण लिहितोच. गोरिंगने हवाई दलाच्या मंत्रालयासाठी बांधलेली. १९४९ मध्ये याच इमारतीत पूर्व जर्मनीची स्थापना जाहीर झाली. एकीकरणानंतर पूर्वेचे कारखाने विकणारी संस्था इथेच बसायची आणि तिच्या प्रमुखाचा १९९१ मध्ये खून झाला, त्याचं नाव इमारतीला दिलंय. तिथे उभं राहून शून्य काढायचं म्हणजे जरा कमालच.

आता मुद्दा. त्या शून्यामुळे पूल पडले. लुडेनशाइडजवळचा ए-४५ वरचा राहमेडं पूल डिसेंबर २०२१ मध्ये बंद केला तो कायमचा, २०२३ मध्ये सुरुंग लावून पाडला. महामार्गाची सगळी वाहतूक गावातून वळवावी लागली. राज्यघटनेत कर्जाला लगाम घालणारा हा माणूस या सगळ्याला जबाबदार आहे.

---

काळंजंगल:

थांबा थांबा. कर्जाला लगाम घालायची घटनादुरुस्ती २००९ च्या उन्हाळ्यातली, तेव्हा अर्थमंत्री समाजवादी लोकशाही पक्षाचा पीअर श्टाइनब्र्युक होता. शॉयब्ले तेव्हा गृहमंत्री. त्याने तो लगाम पाळला, आणि त्याच्याही पुढे जाऊन शून्यावर आला, कारण नियमात थोडं कर्ज घ्यायला परवानगी होती. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथले लोकही हे घोळ करतात म्हणून सांगितलं.

शून्य जमलं त्यात त्याच्या काटकसरीपेक्षा व्याजदरांचा हात मोठा होता. युरोपात संकट म्हणून सगळे जर्मन रोखे घ्यायला धावले आणि जर्मनीला कर्ज जवळजवळ फुकट मिळायला लागलं. म्हणजे ग्रीसच्या दुखण्यावर जर्मनीची वही काळी झाली. भोचकताई, हे तुमच्या बाजूने लिहितेय, नोंद घ्या.

---

खाडीपलीकडे:

आणि यातली पुढची गंमत. २०१८ मध्ये मर्केलने पक्षाध्यक्षपद सोडलं तेव्हा शॉयब्लेने ज्याला उघड पाठिंबा दिला तो फ्रीडरिश मेर्झ. तेव्हा हरला. २०२५ मध्ये तोच चान्सलर झाला. आणि व्हायच्या आधीच, मार्चमध्ये, त्याने काय केलं? संरक्षणखर्चासाठी लगाम सैल केला आणि रस्ते-पूल-रेल्वेसाठी पाचशे अब्जांचा वेगळा निधी कर्जाने उभारला. गुरूला जाऊन सव्वा वर्षही झालं नव्हतं.

---

वाट्टेलते:

गुरूने वरून शून्य दाखवलं असेल.

---

चारभिंती:

मी संगणक सुरक्षेत काम करतो, त्यामुळे शॉयब्ले म्हटलं की मला वेगळंच आठवतं. २००५ ते २००९ चा गृहमंत्री. पारपत्रावर बोटांचे ठसे हवेत, संशयिताच्या संगणकात सरकारला गुपचूप शिरता यायला हवं, ही त्याची लाडकी कामं. जर्मन पोरांनी त्याच्या चेहऱ्याचं चित्र करून खाली 'श्टाझी २.०' लिहून भिंती रंगवल्या होत्या (श्टाझी म्हणजे पूर्व जर्मनीचे गुप्त पोलीस). २००८ मध्ये तिथल्या हॅकरांच्या क्लबाने त्याने वापरलेल्या पाण्याच्या ग्लासावरून त्याच्या बोटाचा ठसा मिळवला आणि आपल्या मासिकात छापला. नुसता चित्र म्हणून नाही, सोबत पातळ फिल्म चिकटवून, म्हणजे वाचकाने ती आपल्या बोटाला लावावी आणि गृहमंत्री व्हावं. पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही, हा वाद मी इतक्या लोकांशी घातलाय आणि इतक्या चांगल्या पद्धतीने मला तो कधीच मांडता आला नाही.

त्याच वर्षी घटनापीठाने संगणकाची गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. खटला एका राज्याच्या कायद्याविरुद्ध होता, पण चपराक कुणाला होती ते सगळ्यांना कळलं.

---

काळंजंगल:

हे मी विसरलेच होते, धन्यवाद. पण त्याच खुर्चीत बसून त्याने २००६ मध्ये मुस्लिम प्रतिनिधींना घेऊन इस्लाम परिषद भरवली आणि संसदेत उभं... बसून म्हणाला, की इस्लाम जर्मनीचा भाग आहे. त्याच्या पक्षातल्या कित्येकांना आजही हे वाक्य पचत नाही. हा माणूस एका चौकटीत बसतच नाही.

---

भोचकभवानी:

चौकटीत बसत नाही म्हणता, तर २०१० ची पत्रकार परिषदही सांगा. कागद वेळेवर वाटले नाहीत म्हणून आपल्या प्रवक्त्याला भरल्या सभेत, कॅमेऱ्यांसमोर घालून पाडून बोलला. मिश्कील हसत. प्रवक्त्याने काही दिवसांत राजीनामा दिला. तो व्हिडिओ मी पूर्ण बघू शकले नाही. अपमान सोसलेला माणूस दुसऱ्याला सोसायला लावतो तेव्हा जास्त घाण वाटतं.

---

काळंजंगल:

यावर माझ्याकडे बचाव नाही. त्या वर्षी तो फार आजारी होता, मे महिन्यात युरोच्या सगळ्यात महत्त्वाच्या बैठकीच्या दिवशी ब्रसेल्समध्ये थेट इस्पितळात दाखल करावं लागलं होतं, पण ते कारण होतं, सबब नाही.

---

घाटावरची:

एक बारीक दुरुस्ती. वर कुणी नाही म्हटलं अजून, पण कुणीतरी त्याला 'श्वाबी' म्हणणार, कारण कंजूष म्हटलं की जर्मनीत श्वाबियन, म्हणजे शेजारचे व्युर्टेम्बेर्गवाले. शॉयब्ले बाडनचा. या दोघांचं एकमेकांशी इतकं जमतं, की राज्य एक होऊन सत्तर वर्षं झाली तरी नाव जोडरेघ देऊनच लिहितात, बाडन-व्युर्टेम्बेर्ग. माझे सासरे बाडनचे. एकदा मी चुकून त्यांना श्वाबी म्हणून गेले, जेवण होईपर्यंत मीठ मागितलं तरी कुणी देईना.

---

वाट्टेलते:

मला ते पाकीट सोडत नाहीये. एक लाख मार्क रोख, नक्की कुणी कुणाला दिले? आणि इतक्या मोठ्या माणसाने एवढ्याशासाठी खोटं का बोलावं?

---

काळंजंगल:

शॉयब्लेचं म्हणणं, श्रायबरने माझ्या बॉनच्या कचेरीत आणून दिले आणि मी पक्षाच्या खजिनदार बाईंकडे पोचवले. खजिनदार बाई, ब्रिगिटं बाउमाइस्टर, म्हणाल्या की नाही, बंद पाकीट श्रायबरकडून मी घेतलं आणि शॉयब्लेला नेऊन दिलं. म्हणजे पाकीट एकच आणि दोघंही म्हणतात मी दुसऱ्याला दिलं. संसदेची चौकशी समिती बसली तरी दोघांचं जुळलं नाही. वहीत पैसे 'इतर उत्पन्न' म्हणून नोंदले गेले होते.

का खोटं बोलला? डिसेंबरच्या त्या चर्चेत त्याला खाली बसलेल्या एका ग्रीन खासदाराने मध्येच विचारलं, भेटलात ते सुटकेससकट की सुटकेसशिवाय? भाषण चालू, सभागृह हसतंय. मला वाटतं त्या क्षणी तोंडातून 'शिवाय' गेलं आणि मग सहा आठवडे ते परत घेता आलं नाही. संपूर्ण अंदाज आहे माझा. पण करारात पंचेचाळीस कलमं बसवणारा माणूस एका आडव्या प्रश्नाला अडखळला, हे मला पटतं.

---

निवृत्तनाथ:

उशिरा आलो, माफ करा. मी १९८९ ते ९२ बॉनला शिकायला होतो. त्या २० जूनच्या रात्री मी घरमालकीण बाईंच्या बैठकीत होतो, कारण टीव्ही त्यांच्याकडेच. बाई साठीच्या, एका मंत्रालयात टंकलेखक म्हणून आयुष्य काढलेल्या, वरचे दोन मजले खोल्या करून भाड्याने दिलेले. बॉन हरलं तर भाडेकरू कुठून आणणार, हा त्यांचा हिशोब सरळ होता. दुपारपासून त्या भाषणं ऐकत होत्या आणि प्रत्येकाला बॉनवाला, बर्लिनवाला अशा कागदावर रेघा मारत होत्या. मध्येच कॉफी, मध्येच शिव्या.

शॉयब्ले बोलायला लागला तेव्हा त्यांनी रेघ मारली नाही. पेन हातातच राहिलं. ब्रांट उठून त्याच्याकडे गेला तेव्हा त्या म्हणाल्या, 'गेलं.' एवढंच. निकाल रात्री पावणेदहाच्या सुमारास आला, पण त्यांनी त्याआधीच टीव्हीवर विणकामाचा कपडा टाकून ठेवला होता.

@हिशेबाचीवही, तुमच्या ३२१ विरुद्ध ३१९ वर माझ्याकडून एवढीच साक्ष.

---

भोचकभवानी:

आणि भाडेकरू मिळाले का पुढे?

---

निवृत्तनाथ:

मिळाले की. काही मंत्रालयं अजून बॉनलाच आहेत, संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्या आल्या, टेलिकॉमचं मुख्यालय आलं. ९४ नंतर मी एकदा भेटायला गेलो तर भाडं वाढलेलं होतं. शॉयब्लेचं नाव मात्र त्या घरात निघालेलं मी परत ऐकलं नाही. मीही काढलं नाही, त्यांची कॉफी चांगली असायची.